दोनशेपर्यंत मोजायचं राहून गेलं

मित्रांनो, मी एक जुनी सुती पट्टी आहे. लांबीला हातभर, रुंदीला जेमतेम वीतभर. माझ्या एका कडेला निळ्या दोऱ्याची टीप आहे आणि दुसरी कडा फाटलेली आहे. तिचे दोरे लोंबतात. ती कडा का फाटली, तेच तुम्हाला सांगायचं आहे. ऐकताना थोडा धीर धरा, कारण सुरुवात फार मागून करावी लागणार आहे.

जन्माने मी चादर. नवी असताना इतकी कडक होते, की माझ्यावर झोपलेला माणूस सकाळी गालावर माझ्या घड्या घेऊन उठायचा. धुऊन धुऊन मी मऊ झाले. मऊपणा विकत मिळत नाही, तो वर्षानुवर्षं पाणी सोसून येतो. पुढे मधोमध मी विरले, पण माझ्या कडा शाबूत होत्या. त्याच सुमारास घरातल्या बाईला दिवस गेले. तिची थोरली बहीण शिवणकाम करायची. तिने माझ्या कडा कापल्या, निळ्या दोऱ्याने टीप घातली आणि मला दुपटं केलं.

माझ्यात पहिल्यांदा गुंडाळली गेली ती एक मुलगी. तिच्या पाठीवर, खांद्यांवर, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा मऊ काळी लव होती.

"ही तर माकडीण झाली गं," मावशी म्हणाली.

"असू दे, माझी माकडीण आहे," आई म्हणाली आणि त्या लवेवरून गाल फिरवत बसली.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी अजून विसरलेले नाही.

मुलगी आठ महिन्यांची असताना तिला ताप चढला. आईने माझे तुकडे केले आणि त्यातली एक पट्टी, म्हणजे मी, गार पाण्यात भिजवून तिच्या कपाळावर ठेवली. तीनचार मिनिटांनी पट्टी बदला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घड्याळ दुसऱ्या खोलीत होतं आणि आई बाळाजवळून उठायला तयार नव्हती. म्हणून ती मोजायला लागली. दोनशे झाले की मला पुन्हा भिजवायची, पिळायची, ठेवायची. तसे किती वेळा दोनशे झाले, ते तिचं तिला ठाऊक. ताप उतरला तेव्हा तिचा घसा बसला होता.

मुलगी दोन वर्षांची झाल्यावर आईने घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं. एक आरसा, एक खुर्ची, एक अरुंद पलंग आणि वॅक्स गरम करायचं भांडं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई. आईने त्यांच्या पायांवरचे केस काढले आणि बघता बघता दोन्ही पाय लालबुंद झाले. आईच्या तोंडचं पाणी पळालं. ती धावत आत गेली, मला घेऊन आली, गार पाण्यात बुडवलं आणि शिंपीणबाईंच्या एकेका पायावर आळीपाळीने अंथरलं. मग काही सुचेना म्हणून मोजायला लागली.

"काय मोजताय ताई?"

"काही नाही, दोनशे होईपर्यंत हलू नका."

दोन्ही पायांचे दोनशे झाले तेव्हा लाली ओसरली होती. आईने पाय पुसले नाहीत, नुसते टिपले. त्या ओलसर कातडीवर पांढऱ्या बरणीतलं बिनवासाचं मलम बोटाच्या टोकाने पातळ लावलं. शिंपीणबाई पायांवरून हात फिरवत म्हणाल्या, "अगदी साटिनचं कापड झालंय हो. शिवायला घेऊ का?"

त्या दिवसापासून मी पार्लरची झाले. केस ओढून काढायची कापडी पट्टी वेगळी. ती कडक, एकदा ओढली की कचऱ्यात. माझं काम तिच्यानंतर सुरू व्हायचं. उकळत्या पाण्यातून रोज अंघोळ करून मी उन्हात वाळायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. आई प्रत्येकीला समजावून सांगायची, "केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्रा निघतो. घराची सगळी दारं उघडी टाकून गेल्यासारखं असतं ते. दोन दिवस तरी राखण करायला हवी." तिने आरशाशेजारी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला होता: दोन दिवस गरम पाणी नको, पोहणं नको, घट्ट कपडे नकोत, वासाचं काही नको. सकाळ-संध्याकाळ मलम. चार दिवसांनी मऊ फडक्याने हलकं चोळावं, म्हणजे नवे केस आतल्या आत वळत नाहीत.

मुलगी तेव्हा स्टुलावर बसून आईबरोबर मोजायची. मित्रांनो, ती आकडे शाळेत नाही, गिऱ्हाइकांच्या पायांवर शिकली. अठ्ठ्याहत्तरपर्यंत गाडी सुसाट जायची आणि पुढे अडायची. ती म्हणायची, "साठ नऊ... नाही, सत्तर नऊ..." पलंगावर पडलेल्या निवृत्त मास्तरीणबाई डोळे मिटूनच म्हणायच्या, "एकोणऐंशी. आणि तोवर माझे पाय गोठू देऊ नकोस." सगळ्या हसायच्या. लोक लांबून यायचे ते पार्लरसाठी नाही, त्या दोनशेसाठी, असं शिंपीणबाई म्हणायच्या. माझं असं कौतुक व्हायचं.

पण चांगलं नाव झालं की गर्दी होते, आणि गर्दी झाली की मोजणं आखूड होतं. आईने दुसरी खुर्ची आणली. दोनशेचे शंभर झाले, शंभरचे पन्नास. मग कागदी रुमाल आले आणि एक सुगंधी फवारा आला. तो मारला की क्षणभर गार वाटायचं, खोलीत गुलाबाचा वास सुटायचा. कातडीला त्याचा उपयोग नव्हता, पण तो पटकन मारून व्हायचा. मी घडी होऊन खालच्या खणात गेले. शेजारी तुटक्या कंगव्यांचा डबा होता. आरशाशेजारचा कागद तेवढा जागेवर राहिला. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मुलगी चौदाव्या वर्षात आली. चार वर्षं ती पोहायला जात होती आणि पाण्यात अशी सुळकन जायची, की घरात तिला सगळे मासोळी म्हणायचे. जिल्ह्याच्या संघासाठी निवड व्हायची होती. चौदा वर्षांखालच्या गटात तिची ही शेवटची संधी होती. खणाच्या फटीतून मला सगळं ऐकू यायचं. त्या आठवड्यात ती पार्लरमध्ये येऊन आईच्या मागे उभी राहिली.

"आई, मला पायांचं वॅक्स करून दे."

"कशाला गं?"

"तलावावरच्या मुली म्हणतात, पायांना स्वेटर घातलायस का."

"म्हणू देत. केस असणं हा काय गुन्हा आहे?"

"मग तू इथे दिवसभर काय करतेस? चोर पकडतेस?"

खुर्चीतल्या बाई फिसकन हसल्या. आईलाही हसू आलं. ती म्हणाली, "बरं बाई. शनिवारी शर्यत ना? मग बुधवारी करू. मध्ये दोन दिवस मिळायला हवेत."

बुधवारी बँकेतल्या दोघी न सांगता आल्या. गुरुवारी वॅक्सचं भांडं बिघडलं आणि ते दुरुस्त होऊन आल्यावर आधी खोळंबलेली गिऱ्हाइकं. शुक्रवारी आई म्हणाली, "माझे हात भरून आलेत गं राणी. आपण पुढच्या आठवड्यात करू, शर्यत झाल्यावर."

"सगळ्यांना वेळ आहे, मलाच नाही," मासोळी म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी ती पोहण्याची पिशवी घेऊन पलंगावर येऊन बसली. "आज केलं नाहीस तर मी जाणारच नाही."

आईने आरशाशेजारच्या कागदाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. शर्यत अकराला होती. तिला सगळं माहीत होतं, मित्रांनो. जगात तिच्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. पण तीन दिवस टाळल्याची टोचणी होती, आणि अपराधी वाटणारं माणूस नाही म्हणू शकत नाही. तिने भरभर दोन्ही पायांचं वॅक्स केलं. शेवटची पट्टी ओढली आणि दारावरची घंटा वाजली. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, आणि त्यांना भुवया करून लगेच कुठेतरी भाषणाला जायचं होतं.

आई म्हणाली, "खालच्या खणात आपली पट्टी आहे. भिजव, ठेव आणि दोनशे मोज. मग बरणीतलं मलम लाव. आणि पाण्यात उतरायच्या आधी मला..." पुढचं वाक्य डॉक्टरीणबाईंच्या भुवयांनी खाल्लं.

खण उघडला. किती वर्षांनी उजेड दिसला. मासोळीने मला नळाखाली धरलं, पिळलं आणि आधी डाव्या पायावर ठेवलं. त्या पायाची धग मला लागली. मी जिला तापात ओळखत होते, तीच ही. ती मोजायला लागली. मीही माझा सगळा गारवा तिच्या पायात सोडायला सुरुवात केली. बाहेर स्कूटरचा भोंगा वाजला.

"चल गं, उशीर होईल," तिचे बाबा ओरडले.

एकतीसवर ती उठली. मला स्टुलावर टाकलं. उजवा पाय तसाच राहिला. बरणीचं झाकण घट्ट बसलं होतं, तेव्हा तिने समोरचा सुगंधी फवारा उचलला, दोन्ही पायांवर मारला, स्स करून ओठ दातात धरले आणि निघाली.

आईने ते आरशात पाहिलं. मी तिचे डोळे पाहत होते. तिने दाराबाहेर जाणारी मुलगी पाहिली, स्टुलावर टपटप गळणाऱ्या मला पाहिलं. तिच्या हातात दोरा होता आणि डॉक्टरीणबाईंची एकच भुवई झाली होती. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि दुसरी भुवई करायला घेतली.

मित्रांनो, मी कापड आहे. मला हाक मारता आली नाही. जिला येत होती, तिनेही मारली नाही.

तलावावर मी नव्हते. दुपारी बाबा सांगत होते तेवढंच मला ठाऊक आहे. पहिल्या फेरीला ती सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या फेरीला मधेच तिची गती तुटली. तिसऱ्या फेरीला भिंतीला हात लावून थांबली आणि बाहेर आली. सरांनी विचारलं तर म्हणाली, पायात गोळा आला. मग मोठ्या टॉवेलने पाय गुंडाळून बसून राहिली, कुणाला बघू देईना.

"मला स्कूटरवर खरं सांगितलं," बाबा म्हणाले. "तलावाच्या औषध टाकलेल्या पाण्यात पाय नुसते पेटले होते म्हणे. मी म्हटलं, मग सरांना सांगायचं ना, काही इलाज केला असता. तर म्हणते, सगळ्या मुलींच्या आया तिथे होत्या, आईच्या पार्लरचं नाव खराब झालं असतं."

आईने हातातलं काम खाली ठेवलं. तिने दारावर 'आज बंद' ची पाटी लावली आणि खुर्चीत बसलेल्या बाईंना म्हणाली, "माफ करा, आज नाही." त्या कुरकुरत गेल्या. इतकी वर्षं जे तिला जमलं नव्हतं, त्याला एक वाक्य पुरलं.

मासोळी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. घोट्यांपासून गुडघ्यांपर्यंत दोन्ही पायांवर लाल पुरळ उठलं होतं. आईने मला भिजवलं, पण मी एकटी आणि पाय दोन. एका पायावर ठेवून दुसरा पुन्हा थांबवायचा, हे तिला सोसलं नसावं. तिने मला दातात धरून उभं फाडलं.

फाटताना मला दुखलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी दोन्हीकडे पुरले.

आई मोजायला लागली. एक, दोन, तीन. पन्नास, साठ, सत्तर. अठ्ठ्याहत्तर म्हणून ती थांबली. तिला पुढचा आकडा सापडेना.

"एकोणऐंशी," भिंतीकडे तोंड केलेली मासोळी म्हणाली.

मग दोघींनी मिळून दोनशे केले. आईने पाय टिपले, मलम लावलं आणि म्हणाली, "चुकलं माझं."

"हं," मासोळी म्हणाली. ते हं म्हणजे माफी होती की नाही, ते मला आजही कळलेलं नाही.

पुरळ आठ दिवसांत गेलं. आई सकाळ-संध्याकाळ न चुकता मलम लावत होती, सैल सुती पायजमे घालायला लावत होती, सारखं पाणी प्यायला देत होती. कातडी पुन्हा मऊ, नितळ झाली. कातडी उदार असते, ती चूक भरून काढते. निवड मात्र होऊन गेली होती. पुढच्या वर्षी मासोळी मोठ्या गटात गेली असती, पण ती तलावावर गेलीच नाही. मोठ्यांनी विचारलं की सांगते, अभ्यास असतो. घरात तिला आता मासोळी म्हणत नाहीत. कुणी ठरवलं नाही, आपोआप थांबलं.

आई आता पुन्हा प्रत्येकीला दोनशे मोजते. दुसरी खुर्ची काढून टाकली आहे. कुणी घाई केली तर म्हणते, "मग आज केस राहू द्या. काढायची घाई नाही." सुगंधी फवारा गेला. स्टूल मात्र तिथेच आहे, आणि त्यावर कुणी बसत नाही.

माझा दुसरा अर्धा भाग आईने घडी करून पोहण्याच्या पिशवीत ठेवला आहे. पिशवी दाराआडच्या खिळ्याला टांगलेली असते. मी रोज भिजते, तो कोरडाच आहे. मधूनच पावलं वाजली की मला वाटतं, पिशवी कुणी उचलली असेल. अजून तसं झालेलं नाही.

मित्रांनो, केस ठेवा किंवा काढा, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण काढले तर त्या कातडीला एकटं टाकून पळू नका. तिला गारवा द्या, मलम द्या, दोन दिवस तिची राखण करा. आणि मोठे झालात, हाताला खूप काम लागलं, दाराबाहेर रांग लागली, की माझी एवढी एकच विनंती आठवा. घरचं माणूस थांबतं, म्हणून त्याला शेवटी ठेवू नका. त्याचे दोनशे आधी मोजा.