शेडमधला मुजरा

छाणीच्या एका कारखान्यात उदयसिंहरावांनी तीस वर्षं क्रेनला इशारे दिले. वर केबिनमध्ये कुणीही बसो, खालून हात हलायचा तो त्यांचाच. आता केबिनही रिकामी झाली. यशश्री नावाच्या इंजिनिअर मुलीने खांबावर कॅमेरा बसवला आणि क्रेन थेट हात बघून चालू लागली. तळवा वर नेला की माल वर, खाली आणला की खाली, मूठ आवळली की जागच्या जागी उभा. कॅमेऱ्याला शिकवलं तेही त्यांच्याच हातांनी. चाचणी पास झाली तर बाकीच्या शेडमध्ये शिकवायला तेच जाणार होते. नाहीतर रिमोट येणार आणि त्यांना घरचा रस्ता. आणि घरी बसणं त्यांना नको होतं.

चाचणीला मालक तात्यासाहेब आले. लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा हवेत होता. उदयसिंहराव पडले शिलेदारांच्या घराण्यातले. घरात रोज वडिलांच्या तसबिरीला मुजरा, बाहेर वडीलधाऱ्यांना. मालक दिसताच हात सवयीने गुडघ्यापर्यंत गेला आणि कपाळाला लागला. तीनदा. गठ्ठाही तीनदा खाली आला आणि तीनदा वर गेला. तात्यासाहेब घाईघाईने मागे सरले. यशश्रीने लाल बटण दाबलं तेव्हा कुठे गठ्ठा थांबला.

"काका, हे काय?"

"मालक समोर आले, बेटा. मुजरा नको करू?"

"मशीनला मुजरा नाही कळत ने! शेडमध्ये हात फक्त कामापुरता हलवायचा."

"सोमवारी परत बघू," तात्यासाहेब हसून म्हणाले.

मधले पाच दिवस उदयसिंहराव जेवणाच्या सुट्टीतही एकच सराव करत राहिले. हात मुजऱ्याला खाली निघाला रे निघाला की मूठ आवळायची. सोमवारी तात्यासाहेब आले, हात निघाला आणि मूठ वळली. गठ्ठा तसूभरही हलला नाही. मालकांना त्यांनी नुसत्या तोंडाने नमस्कार केला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. चाचणी मात्र पास झाली.

संध्याकाळी गोत्रीच्या घरी ते नेहमीसारखे वडिलांच्या तसबिरीपुढे उभे राहिले. वाकले. हात गुडघ्यापाशी गेला आणि मूठ आवळली. त्यांनी डाव्या हाताने ती उघडली, पुन्हा वाकले. पुन्हा मूठ.

"झाला का मुजरा? पान वाढते," त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

उदयसिंहरावांनी मुठीकडे पाहिलं.

"झाला," ते म्हणाले.