फोरमनचा कान

सत्त्याण्णव सालची गोष्ट. इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्याने उसाच्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं आणि मशीनची खोली तयार करायचं काम गंगाधर फोरमनच्या गळ्यात पडलं. गंगाधरने जन्मात कॉम्प्युटर पाहिला नव्हता. पण कुठलंही नवं यंत्र आलं की आधी फोरमनला विचारायचं, ही तिथली रीतच होती. एकतीस वर्षं मिल हाऊसमध्ये, ऊस गाळायच्या चरकांपाशी काढलेला माणूस. चरक फिरत असताना नुसता कान लावून तो कुठलं बेअरिंग जाणार ते आठ दिवस आधी सांगायचा. नवीन पोरांना साहेबलोक कौतुकाने सांगत, "कान असावा तर फोरमनसारखा!"

खरी गोष्ट अशी, की त्या कानांना दहा वर्षांपासून जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. गंगाधर बेअरिंगवर तळहात ठेवायचा, पायाखालच्या लोखंडी जाळीची थरथर ओळखायचा, आणि मग कान लावल्याचं नाटक करायचा. कुणी बोललं की ओठांकडे बघायचा, आणि नाहीच कळलं तर मान डोलवायचा. चरकाच्या धडधडाटात सगळेच खाणाखुणांनी बोलत, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती, तेवढी मूठ झाकलेली राहावी एवढीच त्याची इच्छा होती.

खोली मात्र त्याने झकास केली. शेती ऑफिसला लागून असलेली जुनी स्टोअरची खोली रिकामी केली. पुण्याच्या कंपनीने नियमांचा कागद धाडला होता, तो घेऊन त्याने खडूने फरशीवर सर्व्हरचं कपाट आखलं. पुढे तीन फूट मोकळं, मागे तीन फूट मोकळं. चीफ इंजिनिअर देवदत्त म्हणाला, "गंगाधरराव, मागे दोन फुटांत भागेल की. कोण बघतंय?"

"साहेब, दुरुस्तीला मानूस वाकला की त्येचं बूड किती मागं जातंय ते बगा," म्हणत गंगाधर स्वतःच आखणीमागे वाकला आणि भिंतीला टेकला. देवदत्तला हसू आवरेना. तीन फूट कायम झाले. दार बाहेर उघडणारं बसवलं. अर्थिंगला वेगळा खड्डा घेऊन त्यात कोळसा न् मीठ भरलं. खंडेनवमीला मशीनची पूजा आणि चेअरमनच्या हस्ते उद्घाटन असं ठरलं.

कागदावरचं शेवटचं कलम आवाजाचं होतं. जिथे माणूस दिवसभर बसणार तिथे त्रास होईल असा आवाज नसावा, तपासणाऱ्याने सही करावी. देवदत्तने कागद सरळ गंगाधरपुढे सरकवला. "ह्याला तुमच्याशिवाय कोण?"

सर्व्हर, यूपीएस आणि एसी सुरू करून बघितले. गंगाधरने यूपीएसवर हात ठेवला. थरथर नाही. एसीवर ठेवला. किरकोळ. मिल हाऊसपुढे हे काहीच नव्हतं. "झ्याक हाय," तो म्हणाला. सही तेवढी चाचणीचे दिवस संपल्यावर करायची होती.

त्या खोलीत मयूरी बसणार होती. कोर्स करून नुकती नोकरीला लागलेली, बोलताना तोंड चांगलं उघडून बोलणारी मुलगी, त्यामुळे गंगाधरला ती फार आवडे. चाचणीच्या चौथ्या दिवशी ती त्याच्याकडे आली. "काका, त्या यूपीएसमधनं बारीक शिट्टी येतीया. दुपारपर्यंत डोकं भणभणतंय."

गंगाधरने पुन्हा हात ठेवला. डोळे मिटून पाहिलं, गुडघा टेकवून पाहिला. हाताला काहीच लागेना. शिट्टीला थरथर नसते, हे त्यालाही माहीत होतं.

तेवढ्यात देवदत्त आला. "काय गं? कसली शिट्टी? एकतीस वर्षांचा मुरलेला कान म्हणतोय आवाज नाही, आणि तू काल आलीस. होईल सवय."

मयूरी हळूच म्हणाली, पण गंगाधरला तिचे ओठ दिसले. "घरी गेल्यावर पण वाजती, साहेब. झोपताना पण."

गंगाधर गार पडला. नोकरीच्या पहिल्या सीझनला हेच वाक्य तो स्वतः बोलला होता. टर्बाइनजवळ ड्यूटी होती. तेव्हाचा फोरमन म्हणाला होता, होईल सवय. आणि झाली की! अशी झाली, की आता नातवंडाचं रडणंसुद्धा त्याला तोंड बघून कळायचं. त्याला त्या मेलेल्या फोरमनचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिचं टेबल बाहेर शेती ऑफिसात न्यायचं आणि भिंतीतून वायर काढायची, एवढंच काम होतं. आत टेबल सरकवायला जागा नव्हती. गरमीचं, नाहीतर धुळीचं निमित्त सांगून तो टेबल हलवू शकला असता. पण मग पोरगी खोटारडी ठरली असती, आणि त्याचा कान खरा.

देवदत्तने सहीसाठी पेन पुढे केलं. गंगाधरने घेतलं नाही.

"साहेब, पोरगी खरं बोलतीया. मला ऐकू येत न्हाई." आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण शेती ऑफिसातले कारकून दारात येऊन उभे राहिले. "हितला आवाज न्हाई, कुटलाच न्हाई. धा वर्सं झाली. समद्यास्नी फसवत आलोय मी. टेबल भायेर काडा तिचं."

मयूरीच्या डोळ्यांत पाणी आलं. देवदत्त बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची मान हलत होती, म्हणजे तो काहीतरी बोलत होता. रागावला होता की काय, गंगाधरला कळेना. त्याची मान सवयीने डोलायला लागली, ती त्याने थांबवली.

"साहेब," तो म्हणाला, "तोंड हिकडं करून बोला."

देवदत्त वळला. अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्याने विचारलं, "भिंतीला भोक कुठं पाडायचं, ते विचारतोय."