सोलून निघणारा रंग

सईने काउंटरवरचे स्प्रेचे दोन्ही डबे उचलले आणि एकेक कानाशी धरून हलवला. रंग एकच होता, गडद निळा.

"लॅपटॉपच्या प्लास्टिकवर मारायचाय ना? मग हा रबरवाला घ्या," दुकानदार म्हणाला. "नको झाला की कोपरा नखाने उचलायचा, साल निघावी तसा अख्खा निघतो. दुसरा साधा आहे. त्याला थिनर लागतो, आणि थिनरने प्लास्टिकच विरघळतं."

सईची मैत्रीण कोमल दुकानाबाहेर फोनवर आईशी बोलत होती. तिची आई गंगाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकायच्या, आणि एवढ्या गोंगाटातून त्यांना ऐकू जावं म्हणून ती एक कान दाबून ओरडत होती.

लॅपटॉप तिला एका ट्रस्टने वापरायला दिला होता. पांढऱ्या झाकणावर ठसठशीत लाल अक्षरं होती : 'गरजू विद्यार्थिनींसाठी'. कॉलेजची सगळी वर्षं ती झाकण भिंतीकडे करून बसली. वर्गातली पोरं तिला 'गरजू' म्हणूनच हाक मारत, आणि सईसुद्धा कधी कधी हसायची. आता अ‍ॅनिमेशन स्टुडिओत कोमलची निवड झाली होती. जागा एकच, लॅपटॉप आपला आणायचा. तिथे तरी ती अक्षरं कुणाला दिसू नयेत, एवढंच तिला हवं होतं. ट्रस्टच्या तपासणीआधी रंग काढून टाकला की झालं.

स्टुडिओच्या यादीत तिच्यानंतर सईचं नाव होतं.

सईने रबरवाला डबा परत काउंटरवर ठेवला आणि साध्याचे पैसे दिले.

"हाच का गं?" बाहेर आल्यावर कोमलने विचारलं.

"हाच म्हणाला तो. सोलून निघतो."

सईच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटच्या गच्चीवर दोघींनी वर्तमानपत्रं पसरून रंग मारला. तो वाळल्यावर कोमलने पांढऱ्या पेनने त्यावर जाळं काढलं, आणि जाळ्यातून निसटणारी एकच मासोळी. सई बराच वेळ बघत राहिली. असं तिला जमलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी फोन आला.

"सई, सोलतच नाय गं. नख तुटलं माझं. काय करू?"

खरं सांगायला अजून वेळ होता. सई खिडकीशी गेली. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या वाळत घालत होतं.

"जुना झाला ना, चिकटला असेल," ती म्हणाली. "थोडा थिनर लाव. कापसाने. जरा जोरात घास."

"प्लास्टिकला काय होणार नाय ना?"

"काही नाही होत."

झाकण मेणासारखं सुरकुतलं. निळा रंग, लाल अक्षरं आणि मासोळी यांचा एकच चिखल झाला, आणि थिनर ओघळून आत गेल्याने स्क्रीनही गेला. ट्रस्टच्या बाईंनी लॅपटॉप टेबलावर उताणा ठेवला आणि बाकीच्या मुलींना जवळ बोलावलं. "बघा. द्यावं, तर हे असं करतात."

त्याच दिवशी कोमल सईला घेऊन रंगाच्या दुकानात गेली.

"मी यांना बजावून सांगितलं होतं," दुकानदार सईकडे बोट करून म्हणाला. "दोन्ही डबे समोर ठेवून सांगितलं. विचारा त्यांना."

सई भिंतीवरचे रंगांचे नमुने बघू लागली.

"काका, तुमची चूक तिच्यावर ढकलू नका," कोमलचा आवाज चिरकला. "मी ओळखते तिला. तुम्ही नाय ओळखत."

दुकानदार काही बोलणार होता. त्याने सईकडे नीट पाहिलं, मग कोमलकडे, आणि मान खाली घालून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचं सामान बांधायला लागला. रस्ता ओलांडताना कोमलने सईचा हात घट्ट धरला.

"तुला उगाच ऐकून घ्यावं लागलं माझ्यामुळे," ती म्हणाली.

कोमल दुसरा लॅपटॉप आणेल म्हणून स्टुडिओने थोडे दिवस वाट पाहिली. मग सईला बोलावणं आलं.

त्या रविवारी गंगाबाई स्वतः सईच्या दारात आल्या. पिशवीत मोठी सुरमई होती, साफ करून तुकडे केलेली.

"कोमल बोलली, सईला नोकरी लागली, तिला देऊन ये. म्हणून आले," त्या सईच्या आईला, वसुंधराबाईंना म्हणाल्या. "ती आता माझ्यासंगंच बसते बाजारात. गिऱ्हाईक इंग्लिशमधी बोललं तरी घाबरत नाय."

त्या पाणीही न घेता गेल्या. वसुंधराबाईंनी दार लावलं आणि पिशवी ओट्यावर ठेवली.

"केवढं मोठं मन असतं एकेकाचं," त्या म्हणाल्या.

दुपारी सई पानावर बसली. घास घशाखाली उतरणार नाही, असं तिला सकाळपासून वाटत होतं. तिने तुकडा मोडला, काटा बाजूला काढला आणि तोंडात घातला. मासा ताजा होता, तिखटमीठ अगदी बेताचं.

"आई," ताट पुढे करत ती म्हणाली, "अजून एक वाढ ना."