दोरीला न रमणारी बोट

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे. पण जुन्यांनी गप्प बसावं हे मला जमलेलं नाही. कोपनहेगनच्या कालव्यात मला बांधून ठेवा, मी दिवसभर धक्क्याला ढुशा देत राहते.

ओकच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. तेव्हापासून मी पाहुण्यांना शहर दाखवते, आणि स्वतः पाहुणे बघते. आल्याआल्या कडेची जागा अडवणारा वाटभर फोनमध्येच बघतो. "थंडी कसली?" म्हणून ऐट करणारा पहिल्या वळणावर बायकोची शाल मागतो. सगळं माझ्या ध्यानात राहतं!

थीरा आणि व्हिगो हे बहीणभाऊ माझे मालक. थीरा मला चालवते, व्हिगो सजवतो. पाहुणे भिजू नयेत म्हणून यंदा त्याने मला काचेचं छप्पर बसवलं. नवरीसारखी नटून मी चाचणीला निघाले, आणि बुटक्या पुलापाशी थीराने मला करकचून थांबवलं. छप्पर पुलापेक्षा चार अंगुळं उंच!

"व्हिगो, मापं घेतली होतीस ना?"

"घेतली होती गं! गेल्या उन्हाळ्यात, हिच्यावर पाहुणे चढलेले असताना, भर गर्दीत. आता जाऊ दे. हिला धक्क्यालाच बांधू, आत टेबलं मांडू, हेरिंग मासे नि राय धान्याचा काळा पाव विकू. लोक येऊन बसतील."

"लोक बसतील रे. ही बसेल का?"

माझ्या फळ्या थरारल्या. जन्मभर एकाच जागी, माशांच्या वासात?

थीरा पुटपुटली, "भर गर्दीत..." आणि तिने धक्क्याकडे पाहिलं. ऊन पडलं की आमचं निम्मं शहर पाण्यावर पाय सोडून बिअर पीत बसतं.

"ए ऐतोबांनो! बाटल्यांसकट चढा. जाडे आधी!"

"फुकट?" एका ढेरपोट्या आजोबांनी विचारलं.

"फुकट."

"मग आलोच. जन्म गेला इथे, पण शहर बघायला सवड कुणाला होती?"

व्हिगो ओरडला, "अगं, रिकामी जात नाही, ती भरलेली कशी जाईल?"

मी मात्र ओळखलं. माणसागणिक मी पाण्यात खाली खाली बसत होते. थीराने मला हळूच पुढे घेतलं. डोक्यावरून ओला दगड सरकत गेला. काचेला ओरखडासुद्धा नाही. पलीकडे अख्खं बंदर उघडं पडलं होतं.

व्हिगोने कपाळावर हात मारला. "ओझ्यानेच वाचली की ही!"

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूला भार सोसवणार नाही असं परस्पर ठरवून तिला बांधून ठेवू नका. तिची डागडुजी करा, तिला वापरा, माणसांनी भरा.

आज ढग आलेत, पाहुण्यांचा पत्ता नाही. थीरा, त्या आजोबांना हाक मार ना. मला निघायचंय.