राहीबाईच्या गाण्याचा पंचनामा

चोरी करून वर स्वतःचं नावगाव सांगणारा चोर इस्लामपुरात एकच होता, आणि आपण चोर आहोत हे त्याला अजिबात मान्य नव्हतं. जालिंदर ओव्हाळ त्याचं नाव. महार रेजिमेंटमध्ये पंधरा वर्षं वायरलेसवर काढून तो चौऱ्याहत्तर साली घरी आला आणि एसटी स्टँडाच्या मागच्या अंगाला त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. बोर्डावर नुसतं ‘ओव्हाळ रेडिओ’. बाकी काय ते गिऱ्हाईक आत आलं की जालिंदर तोंडानं सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला घाई असली तरी सांगायचा.

दुकानात त्याचा जीव कुठं अडकला असेल तर त्या यंत्रात. एका बाजूला तबकडी वाजवायची, दुसऱ्या बाजूला चार कॅसेटी एकदम भरून निघायच्या. मुंबईतल्या मोठ्या दुकानातसुद्धा असलं यंत्र तेव्हा, म्हणजे एकोणऐंशी साली, कुणी पाहिलं नव्हतं, असं जालिंदरचं म्हणणं. मुंबईतली दुकानं त्यानं पाहिली नव्हती ही गोष्ट वेगळी. पण यंत्र खरंच नामी होतं. त्याची पितळी चाकं कुपवाडच्या कारखान्यात लेथवर बसणाऱ्या सिद्धूनं जेवणाच्या सुट्टीत कातून दिली होती. ट्रान्सफॉर्मर साखर कारखान्यातल्या नाथाजी वायरमननं हातानं गुंडाळला होता. दर गुरुवारी तिघं दुकानात जमायचे, तसे तीन वर्षांचे गुरुवार त्यात गेले होते.

आणि कारभार सगळा सावडीचा. शेतात जशी सावड चालते, आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू, तशी. कोरी कॅसेट घेऊन या, सोबत एखादी तबकडी आणा. तुमची तबकडी आम्ही उतरून घेणार, आमच्यातलं एक गाणं तुम्ही घेऊन जायचं. पैशाचं नाव नाही. बेणं मागायला आलेल्याला उसाची कांडी नाकारणारा शेतकरी वाळवा तालुक्यात औषधाला सापडायचा नाही, मग गाणं कोण नाकारणार? कंपनी नावाची कुणी बाई त्या गाण्याची मालकीण आहे, हे तिघांच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. सुट्टीवर आलेले जवान परत जाताना चार-चार कॅसेटी पिशवीत घालून न्यायचे.

जालिंदरची खोड एकच. प्रत्येक कॅसेटीच्या सुरुवातीला तो स्वतःच्या आवाजात बोलायचा. “जालिंदर ओव्हाळ, इस्लामपूर. नक्कल नंबर अमुक. गाणं रचणार अमुक, गाणार अमुक. ऐका.” नाथाजी वैतागायचा. “गड्या, लोक गाणं ऐकाय घेत्यात, तुजं भाषान न्हवं.” त्यावर जालिंदरचं उत्तर ठरलेलं. वायरलेसवर आपलं ठिकाण न सांगता बोलणारा एक तर दुश्मन असतो, नाही तर लफंगा, असं त्याच्या सुभेदारानं त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. शिकवलेलं विसरण्यातला तो माणूस नव्हता.

सगळ्यांत जास्त नकला निघाल्या त्या राहीबाईच्या तारेच्या गाण्याच्या. राहीबाई जालिंदरच्या आजोळची, साठीला टेकलेली. पासष्टच्या लढाईत तिचा धाकटा भाऊ आघाडीवर होता. गावात तारवाला आला की घराघरातल्या बायांचं काळीज हलायचं, तेव्हा तिनं ते गाणं रचलं.

तार आली, तार गेली, माज्या दारी न्हाई थांबली
येशीपातूर जाऊन आली, सावली माजी लांबली

भाऊ सुखरूप परत आला, गाणं मागं राहिलं. पुढं मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं तिला नेऊन ते गाऊन घेतलं, तबकडी काढली, थोडी विकली आणि बंद केली. तबकडीवर छापलं होतं, ‘लोकगीत, पारंपरिक. गायिका राहीबाई.’ राहीबाईला वाचता येत नव्हतं. जालिंदरनं वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “पारंपारिक म्हंजी?” तो म्हणाला, “म्हंजी कुनी रचलं ठावं न्हाई.” राहीबाई नुसती हसली. ते हसणं जालिंदरला लागलं, आणि तेव्हापासून त्या कॅसेटीवर तो ‘रचणार राहीबाई’ हे दोन शब्द जरा जोरातच म्हणू लागला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी दुकानासमोर जीप थांबली. आतून फौजदार उतरले, दोन शिपाई उतरले आणि सुटाबुटातला एक गोरा, चष्मेवाला गृहस्थ उतरला. कंपनीचे प्रधानसाहेब. त्यांनी बॅगेतून कॅसेट काढली, जालिंदरच्याच यंत्रात घातली आणि बटण दाबलं.

“जालिंदर ओव्हाळ, इस्लामपूर,” यंत्र म्हणालं. “नक्कल नंबर दोनशे बारा. गाणं रचणार राहीबाई, गाणार राहीबाई. ऐका.”

फौजदारांना हसू आवरेना. तीस वर्षांच्या नोकरीत पत्ता सांगणारा चोर त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

“हा आवाज तुमचा?” प्रधानांनी विचारलं.

“आमचाच. क्लिअर आलाय की न्हाई?” जालिंदर म्हणाला.

प्रधान माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्ची ओढून घेतली आणि शांतपणे सांगितलं. नकला मुंबईच्या प्रत्येक फुटपाथवर होतात, कंपनी कुणाकुणाच्या मागं धावणार? पण या कॅसेटीनं घोळ केला होता. लष्कराच्या छावण्यांमधून कंपनीला पत्रं येत होती, राहीबाईंनी रचलेली आणखी गाणी पाठवा म्हणून. इकडं कंपनीनं तीच चाल आणि तेच शब्द एका सिनेमावाल्याला पारंपरिक म्हणून देऊन टाकले होते. करार झाला होता, गाणं एका मोठ्या गायिकेच्या आवाजात भरूनही झालं होतं. आता हा इस्लामपूरचा आवाज गावोगाव सांगत सुटला होता की गाण्याला आई आहे.

“म्हणून सरळ सांगतो,” प्रधानांनी टाइप केलेला कागद पुढं केला. “गाणं पारंपरिक आहे, मी राहीबाईंचं नाव चुकून घेतलं, एवढं लिहून द्या. मशीन तुमचं तुम्हाला. तक्रार मागं. शिवाय वाळवा तालुक्यासाठी आमची एजन्सी, बोर्डासकट. नाही तर मशीन आणि कॅसेटी जप्त होतील. दुपारी दोनला येतो.”

जीप गेली. पेठेत बातमी पसरायला वेळ लागला नाही. नाथाजी कारखान्यातून सायकल मारत आला. सिद्धूची त्या दिवशी सुट्टी होती, तो आधीच गुरुवारसारखा येऊन बसला होता. जालिंदरनं कागद दोघांपुढं ठेवला.

“सही कर,” सिद्धू म्हणाला. “इचार कसला करतुयास? कंपनीचा बोर्ड लागंल दारावर!”

“आनि राहीआक्काचं नाव?”

“नाव!” नाथाजी उखडला. “जालिंदर, खरं सांगू का? आपुन गान्यासाटनं कवाच काय केलं न्हाई. आपुन केलं त्ये ह्या यंत्रासाटनं. त्या वाइंडिंगला माजी बोटं सोलून निघाली. सिद्धूनं चाकं कातताना फोरमनच्या शिव्या खाल्ल्या. त्ये उचलून न्हेनार, आन तू बसनार राहीबाईचं नाव घिऊन?”

नाथाजी खोटं बोलत नव्हता. यंत्र एकट्याचं असतं तर जालिंदरनं तो कागद तिथंच फाडला असता. पण ते तिघांचं होतं. दुसऱ्याचा बैल आपल्या हट्टापायी मारून टाकण्यातली ती गत होती, आणि त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

एवढ्यात राहीबाईच दारात उभी राहिली. तिला कुणीतरी बाजारात सांगितलं होतं.

“जयभीम, आक्का. या, बसा,” जालिंदर उठला.

ती बसली नाही. “जालिंदरा, मी ऐकलंय समदं. सही कर आन मोकळा हो. गान्याचं काय घिऊन बसलास? मी मेल्यावर त्येला कोन इचारनार हाय? तुमा पोरांचं यंत्र जाया नगं.”

सिद्धू आणि नाथाजी खाली बघू लागले. राहीबाई नाव मागायला आली असती तर त्यांनी भांडण केलं असतं. ती नाव सोडायला आली होती, त्याच्याशी कसं भांडायचं ते त्यांना कळेना.

“आक्का,” जालिंदर म्हणाला, “तुमचं गानं तुमी सोडा. पर मी दोनशेच्या वर येळा माज्या त्वांडानं सांगितलंय का ह्ये तुमचं हाय. त्यातल्या लय कॅसेटी बॉर्डरवर गेल्यात. आता त्या पोरांना सांगू का, जालिंदर ओव्हाळ खोटा बोलला? त्ये माज्यानं हुनार न्हाई.”

मग तो दोघांकडं वळला. “यंत्र तुमचंबी हाय. तुमी न्हाई म्हना, मी सही करतो. पर इथनं फुडं मग कॅसेटीवर बोलनार कोन, त्ये तुमी ठरवा.”

सिद्धूनं यंत्राच्या पितळी चाकावरून अंगठा फिरवला. “ह्येला मी जरा तिरकंच कातलंवतं,” तो शेवटी म्हणाला. “फुडच्या यंत्राचं नीट कातीन.” नाथाजीनं दोन शिव्या हासडल्या, त्यातली एक कंपनीला आणि एक जालिंदरला, आणि चहा सांगायला तो बाहेर गेला.

दोनला जीप आली. जालिंदरनं कागद तसाच परत दिला. “साहेब, यंत्र, कॅसेटी, समदं जप्त करा. आमी सही करनार न्हाई.”

प्रधानांच्या कपाळावर आठी पडली, पण त्यांनी फौजदारांना मान हलवली. शेजारचा शिंपी आणि समोरचा हॉटेलवाला पंच म्हणून बोलावले. फौजदारांनी मांडी घातली, कागदाखाली कार्बन सरकवला आणि पंचनामा लिहायला घेतला. एक लोखंडी चौकट, त्यात चार कॅसेट यंत्रे, पितळी चाके सहा, ट्रान्सफॉर्मर एक.

“आता मुद्देमाल कॅसेटी. यावर काय आहे?” त्यांनी विचारलं.

“लिहा, पारंपरिक लोकगीत,” प्रधान म्हणाले.

जालिंदर पुढं झाला. पलटणीत असताना त्यानं असले कागद बरेच बघितले होते, आणि जीप आल्यापासून तो याच वाक्याची वाट बघत होता. “फौजदारसाहेब, पंचनाम्यात पंचांनी समक्ष ऐकलेलं लिवत्यात का फिर्यादीनं सांगितलेलं?”

फौजदारांनी त्याच्याकडं बघितलं, मग प्रधानांकडं. त्यांच्या मिश्या किंचित हलल्या. “वाजव,” ते म्हणाले.

जालिंदरनं बटण दाबलं. त्याचाच आवाज दुकानात घुमला, आणि फौजदार शब्द न शब्द मोठ्यानं म्हणत लिहू लागले. “कॅसेट वाजविली असता पुरुषाचा आवाज, की, गाणे रचणार राहीबाई, गाणार राहीबाई. त्यानंतर स्त्रीच्या आवाजात गाणे, सुरुवात, तार आली, तार गेली.”

“हे असं लिहू नका,” प्रधान म्हणाले. “याचा अर्थ निराळा होतो.”

“अर्थ कोर्टात लावा. मी ऐकलं ते लिहिलं,” फौजदार म्हणाले. “इथं फिर्यादी म्हणून तुमची सही लागेल. सहीशिवाय माझे शिपाई मशीनला हात लावणार नाहीत. सही करताय, का मशीन इथंच ठेवू?”

प्रधानांनी घड्याळ बघितलं. कऱ्हाडहून संध्याकाळची गाडी होती, मुंबईत साहेबांना ‘मशीन जप्त’ असा निरोप द्यायचा होता. इस्लामपूरच्या पोलिस ठाण्यातला कागद मुंबईत कोण वाचणार? त्यांनी कंपनीचा शिक्का काढला, उमटवला आणि खाली झोकात सही केली.

शिपायांनी यंत्र उचललं. दारातून निघताना चौकट उंबऱ्याला घासली, तेव्हा नाथाजीनं तोंड फिरवलं. जालिंदर मात्र यंत्रामागं नाही गेला. त्यानं फौजदारांकडं हात पसरला. “साहेब, आरोपीला नक्कल मिळती पंचनाम्याची.”

“मिळते,” फौजदार म्हणाले आणि कार्बनखालचा कागद त्यांनी काढून दिला.

जीपची धूळ बसल्यावर जालिंदरनं तो कागद राहीबाईला वाचून दाखवला. पितळी चाकं, ट्रान्सफॉर्मर, सगळं वाचत तो त्या ओळीपाशी आला. गाणे रचणार राहीबाई. राहीबाईनं त्याचा हात धरला.

“ह्ये त्या कागुदावर हाय? आपल्या कॅसेटीवर न्हवं?”

“सरकारी कागुदावर. आन खाली कंपनीची सही हाय, शिक्क्यासकट.”

“माजं नाव कुठं हाय, बोट ठेव,” ती म्हणाली. त्यानं ठेवलं. तिनं त्याचं बोट बाजूला सारून तिथं आपलं ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. सकाळपासून नाव सोडून दे म्हणणारी बाई आता तो कागद सोडायला तयार नव्हती.

“आक्का, द्या वाईच,” जालिंदर रिकाम्या टेबलाशी बसत म्हणाला. “न्हेऊ नगा. सिनेमावाल्यासाटनं येक नक्कल काढतो, त्या छावन्यांसाटनं येक काढतो, मग ह्यो तुमचा.”

यंत्र नव्हतं, म्हणून त्यानं दौत उघडली. सिद्धूनं आणि नाथाजीनंही एकेक कागद पुढं ओढला.