अण्णांची डावी बाजू

पुढचे दोन टायर बदलल्यापासून मी गाडी डावीकडे पूर्ण वळवली की अण्णा घासतात. टायर गाडीला कुठेच लागत नाही. मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या वडिलांची डावी बाजू झिजते, एका वळणाला एक मिलिमीटर. रक्त येत नाही. सीटवर काळा भुगा पडतो.

पहिल्या दिवशी सदऱ्याची बाही गेली, दुसऱ्या दिवशी हातावरचं कातडं. अण्णांनी भुगा बोटांत चोळून पाहिला.

"रबर न्हवं हे. मी हाय," ते म्हणाले. "जुन्या टायरांनी काय घोडं मारलं होतं तुझं, दिगू?"

जाड टायरांवर गाडी रुबाबदार दिसते, एवढंच कारण होतं.

अण्णांना सोमवारी आणि गुरुवारी सकाळी अकराला डायलिसिस असतं. सुया टोचायची शीर ऑपरेशन करून डाव्या हातात तयार केलेली आहे. उजव्या हाताच्या शिरा आधीच बाद झाल्या आहेत. ही गेली तर दुसरी नाही.

ज्याच्याकडून टायर घेतले त्या मगदूमकडे गेलो. त्यानं टायर आणि मडगार्डच्या मधे दोन बोटं घातली. मग तीच बोटं अण्णांच्या हाताला लावली.

"टायर हाय तसा हाय, सर. तुमचा माणूस बाहेर येतोय."

"टायर मापाचे नाहीत."

"माप तुम्हीच सांगितलंसा. मी म्हटलं व्हतं, एवढा जाड नको."

हवा भरायला आलेले चौघे हसले.

त्यानं चाकाच्या आतलं प्लास्टिक कापलं. बोटभर जागा झाली. घरी पोचेपर्यंत टायर फुगून त्या जागेत भरला होता. पुढच्या वेळी त्यानं मडगार्डची कड हातोडीनं दुमडली. टायर तिथंही पोचला. तिसऱ्या वेळी मी जुने टायर परत मागितले. ते खिळ्याला अडकवले होते, बांगडीएवढे.

"न वापरलं की आकसतंय रबर," मगदूम म्हणाला. "न्या की. पोरीच्या हातात घाला."

"मला मुलगी नाही."

"मग काय उपयोग न्हाई."

अण्णांना उजवीकडे बसवलं तरी डावीच बाजू घासली. रिक्षातून नेलं, चाकाच्या खुर्चीतून ढकलत नेलं. डावीकडे वळलं की भुगा पडायचाच. टायर तेव्हा घराखाली उभ्या असलेल्या गाडीला होते.

जयसिंगपूरच्या गल्ल्या काटकोनात आहेत. तीनदा उजवीकडे वळलं की एकदा डावीकडे वळल्यासारखं होतं. मी कागदावर तसा रस्ता आखला. दोन आठवड्यांत तो गावाला पाठ झाला. सातव्या गल्लीत बायका दारात येऊन ओरडू लागल्या, "उजव्या आला गं!" लोक उजव्या कोपऱ्यांवर आडव्या स्कूटर लावू लागले. मी उतरून स्कूटर सरकवत असे. ते बघत उभे राहत.

एक वळण मात्र चुकत नव्हतं. हॉस्पिटलची गल्ली सर्कलवरून डावीकडे उघडते. तिला दुसरं तोंड नाही. बाहेर पडतानाही डावंच वळण आहे.

गेल्या गुरुवारी कुंदा सिस्टरनी डायलिसिस झाल्यावर अण्णांच्या हातावर पट्टी धरली.

"घरी पोचाल तेव्हा शिरेवर अर्धा मिलिमीटर कातडी राहील. सोमवारी वळून येऊ नका."

"मग कसं येऊ?"

"ते टायरवाल्याला विचारा. अकरा दहाला मशीन दुसऱ्या पेशंटला देणार."

आज सोमवार. दहा बावन्नला मी सर्कलमध्ये शिरलो आणि गल्लीच्या तोंडाशी ब्रेक लावला. पोलिसानं शिट्टी मारली.

"थांबायचं न्हाई! वळा, न्हाईतर फिरा!"

मी फिरलो. सर्कलमध्ये स्टिअरिंग उजवीकडेच राहतं, त्यामुळे भुगा पडला नाही. गल्ली डावीकडून गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. अण्णांचे पाय सुजून चपलांबाहेर आले होते. धाप लागत होती.

"प्रदक्षिणा घालतोयस व्हय?" ते म्हणाले. "देव कुठं बसवलाय तेवढं सांग."

"अण्णा, वळवू का?"

"हात माझा हाय. मला इचारून वळव."

"विचारतोयच."

त्यांनी डावा हात पोटाशी घेतला. अकरा वाजले. पोलिसानं आमच्या मागं बाकीच्या रस्त्यांच्या तोंडावर दोन बॅरिकेड ओढले, पुढच्या फेरीला आणखी दोन. आता गल्ली सोडून सर्कलला कुठंच वाट राहिली नाही.

अकरा सहाला कुंदा सिस्टर गल्लीच्या तोंडाशी आल्या. मशीनच्या नळ्या त्यांच्यामागून हॉस्पिटलच्या दारापर्यंत रस्त्यावर पसरल्या होत्या.

"मी गल्ली सोडून पुढं येणार नाही!" त्या ओरडल्या.

अण्णांनी काच खाली केली. नव्या सदऱ्याची बाही दुमडून हात खिडकीबाहेर काढला. शीर कातडीखाली निळी धडधडत होती. मी गाडी डाव्या कडेला इतकी नेली की चाक फूटपाथला लागून चाललं.

"हळू करू?"

"पोलीस बघतोय. हाय तसा चल."

अकरा नऊला गल्ली पुन्हा आली. सिस्टरनी एक गुडघा रस्त्यावर टेकवला होता आणि उघडी सुई अण्णांच्या हाताच्या उंचीला धरली होती.