रेडिओच्या मागची भिंत

फोन ठेवल्यावर रिनाने आपल्याच घरातली भिंत पहिल्यांदा नीट पाहिली.

मधल्या खोलीची भिंत. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली दिनदर्शिका आणि बाजूला सांबरशिंगाची खुंटी. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हाही खुंटी तिथेच होती. सासऱ्यांचा दुपट्टा, छत्री, भाजीची पिशवी, आयुषचं टोपडं, जे हातात असेल ते त्या शिंगाला अडकवायचं. त्यावर इतकं काही लटकलेलं असायचं की खाली शिंग आहे हे कुणाच्या ध्यानातच नसायचं. आणि आता त्यांच्या आरमोरी गावापासून कुठेतरी लांब बसलेल्या एका माणसाने ते बरोबर हेरलं होतं.

"रेडिओ मस्त आहे वहिनी," तो गोड आवाजात म्हणाला होता. "पण रेडिओच्या मागं भिंतीवर जे आहे, ते लिलावात नाही ठेवलं तुम्ही?"

रिनाने फोन कापला होता.

हे सगळं सुरू झालं ते आयुषमुळे. पोरगा रांगायला लागला आणि घर एकाएकी लहान झालं. जिथे तिथे काहीतरी टोकदार, गंजलेलं, अंगावर पडेल असं. चिमणी नसलेला कंदील, पितळी पानदान, बंद पडलेला सागवानी पेटीतला रेडिओ. भंगारवाल्याने पेटी हलवून पाहिली आणि तोंड वाकडं करून निघून गेला. तेव्हा चौकात सायबर कॅफे चालवणारा तिचा मावसभाऊ स्वप्निल म्हणाला, "देऊ नको कोणाले. आता इंटरनेटवर लिलाव होते जुन्या सामानाचा. भंगारवाला ज्याले हात लावत नाई, त्याच्यासाठी पुण्याचे लोक भांडतात."

रिना हसली होती. पण पानदानाचा फोटो टाकला आणि खरंच पुण्याच्या एका बाईने ते घेतलं, वर कळवलं की फार सुंदर आहे. स्वप्निलने छापून दिलेला तो निरोप रिना घरात सगळ्यांना वाचून दाखवत फिरली. आयुषलाही दाखवला. त्याने कागद तोंडात घातला.

मग रेडिओची पाळी आली. स्वप्निल कॅमेरा घेऊन घरी आला, खिडकीतून ऊन येतं म्हणून त्याने रेडिओ मधल्या खोलीत स्टुलावर ठेवला आणि फोटो काढले. लोकांना विचारायला बरं पडेल म्हणून खाली फोन नंबरही टाकून दिला. नंबर निकेशचा, तिच्या नवऱ्याचा. पण निकेश वनरक्षक, नुकताच लागलेला. त्याच्या जंगलातल्या बीटमध्ये रेंज नसायची, म्हणून मोबाइल घरी रिनाकडेच असायचा.

जंगल खात्यात नोकरी आणि घरात सांबरशिंग, जे ठेवणं गुन्हा. ही गोष्ट तिच्या मनात कधी आलीच नव्हती असं नाही. एकदा ती म्हणाली होती, तेव्हा निकेश जेवता जेवता हसला होता. "बाबाले सांगून पाहा. ते शिंग माझ्यापेक्षा मोठं आहे घरात." आणि विषय तिथेच राहिला होता. त्या शिंगाखालीच तो वाढला होता. त्याला ते दिसतच नसावं.

तिने आयुषला कडेवर घेतलं, तशीच चौकात गेली.

"स्वप्निलभाऊ, तो रेडिओ काढून टाक तिथून."

"काऊन वो? चांगली बोली चढून राह्यली."

"काढ म्हणतो ना मी. आणि पहिले फोटो दाखव मले."

स्वप्निलने फोटो पडदाभर मोठा केला. रेडिओ चमकत होता. मागे शिंग होतं, नेमकं त्या दिवशी जवळजवळ मोकळं, तीन फाटे, स्पष्ट. पण रिनाची नजर थांबली ती शिंगावर नाही. मधल्या फाट्यावर निकेशची खाकी टोपी अडकवलेली होती. टोपीवरचा खात्याचा बिल्ला उन्हात असा चकाकत होता, जणू स्वप्निलने त्याचाच फोटो काढला होता.

स्वप्निल आधी हसला. "बाप्पा, भाऊजीची टोपी पण लिलावात." मग त्याचं हसू ओसरलं. तो खुर्चीत सरळ झाला आणि भराभरा बटणं दाबू लागला. "काढतो. आत्ताच काढतो."

"काढला म्हणजे झालं ना? गेला ना फोटो?"

तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "इथून गेला. पण ज्यानं आपल्या कॉम्प्युटरात घेऊन ठेवला असंल, त्याच्याकडून कसा काढू?"

घरी येताना तिला रस्ता रोजचा वाटेना. पानठेल्यावरची माणसं तिच्याकडेच पाहताहेत असं वाटलं. बाजारातून धानाचा ट्रॅक्टर आला तर ती भिंतीला चिकटून उभी राहिली. आयुषला हे काही ठाऊक नव्हतं. तो तिच्या मंगळसूत्राचा मणी चोखत, स्वतःशीच गुणगुणत होता.

दुपारी पुन्हा फोन आला.

"कापू नका वहिनी. फोटो काढून टाकला तुम्ही, हुशार आहात. माझ्याजवळ आहे म्हणा. निकेशभाऊची टोपी आहे ना ती?"

तिच्या हातातला वरणाचा चमचा खाली पडला. खाली तर नुसता नंबर टाकला होता.

"घाबरू नका. मी भला माणूस आहो. शिंग मी घेतो, रेडिओ पण घेतो, म्हणाल त्या भावात. आणि भाऊची ड्यूटी असते ना जंगल नाक्यावर? एखाद दिवशी आमची गाडी येईल तिकडून. तेव्हा भाऊनं फक्त चहा प्यायला जावं. चहा प्यायला काही मनाई आहे का? नाहीतर मग हा फोटो साहेबांच्या टेबलावर जाईल." तो थांबला. "बाळ रडून राह्यलं वाटते. घ्या त्याले. गुरुवारी येतो मी घरी."

आयुष खरंच रडत होता. तिला ऐकूच आलं नव्हतं. तिने त्याला उचलून पदराखाली घेतलं, पण दूध उतरेना. पोरगा ओढ ओढ ओढायचा आणि रागाने तोंड काढून तिच्याकडे बघायचा. आपल्याला धरून नेलं तर? अजून अंगावर पितो हा. अशा लेकराला आईसोबत ठेवतात की नाही, हे विचारायचं तरी कुणाला?

उमाजी, तिचे सासरे, पडवीत बाजेवर बसले होते. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी. तिने त्यांना सगळं सांगितलं.

"म्या का मारलं त्याले?" म्हातारा म्हणाला. "तेंदूपत्ता तोडाले गेलतो, तवा पडलं होतं पानात. सांबर आपलं शिंग दरसाल टाकते, पोरी. टाकलेलं उचललं."

"ते मले माहीत आहे मामाजी. पण त्याले कोण विचारते?"

"मंग जाळून टाक."

"शिंग जाळल्याचा वास आख्ख्या मोहल्ल्यात जाईल."

"तलावात फेक."

"ढिवरांच्या जाळ्यात येईल. आणि फेकलं तरी फोटो तर आहेच ना त्याच्याजवळ."

म्हातारा चिडला. "मंग निकेशले येऊ दे. त्याले सांग. तो पाहून घेईल काय ते."

आणि तिला नेमकी तीच भीती होती. निकेश संध्याकाळी येईल, सायकल लावेल, आयुषला वर उडवून झेलेल आणि ती त्याला सांगेल. तो ऐकेल. तिचं पांढरं पडलेलं तोंड पाहील, बापाची पट्टी पाहील, लेकराकडे पाहील. मग म्हणेल, एका चहानं काय होते. आमच्यासाठीच तसं म्हणेल. त्यानंतर चोरट्या मालाची गाडी एकदाच येणार नाही. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी अशी चहा पीत पीत जाईल, आणि निकेश मान खाली घालून घरात वावरेल. तो हो म्हणेल, याची तिला त्या फोनवरच्या माणसापेक्षाही जास्त भीती वाटली.

तिने स्टूल ओढलं. दुपट्टा, छत्री, पिशवी एकेक काढून खाली ठेवली आणि शिंग भिंतीवरून उतरवलं. वाटलं होतं त्याहून ते जड होतं. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट डाग राहिला.

"कुठी नेते?" सासऱ्यांनी विचारलं.

"जंगलाच्या रेंज ऑफिसात. साहेबासमोर ठेवतो."

म्हातारा उठून उभा राहिला, पुन्हा बसला. धुळीत जायची त्याला मनाई होती. "तुले जेलात टाकतील ना वो," तो म्हणाला. मग पट्टीवर हात ठेवून हळूच बोलला, "माझं नाव सांगजो. म्हाताऱ्याले काय करतील ते करतील. तू लेकुरवाळी आहे."

शिंग झाकायला घरात एवढं मोठं काहीच मिळेना. पोत्यातून फाटे बाहेर यायचे. शेवटी तिने आयुषचं गोधडीसारखं जाड दुपटं घेतलं आणि एखाद्या तान्ह्याला गुंडाळावं तसं ते शिंग गुंडाळलं. एका कडेवर आयुष आणि दुसऱ्या हातात ते.

गल्लीच्या तोंडाशीच गोकुळाबाई सूप घेऊन बसली होती. "अवो रिना, दोन दोन लेकरं झाले का तुले? आम्हाले पेढे बी नाई दिले."

"कपडे आहेत बाई, शिलाईले."

"इतके मोठे? दाखव ना कोण्या रंगाचे आहेत." बाईने हात पुढे केला.

रिना मागे सरली. दुपट्यातून एक टोक तिच्या दंडाला टोचत होतं. "येताना दाखवतो," ती म्हणाली आणि चालू पडली. आपल्या मागे कुणी येतंय असं तिला सारखं वाटत होतं, पण मागे वळून पाहायची छाती झाली नाही. आयुषने मात्र तिच्या खांद्यावरून मागे बघून कुणाला तरी हात हलवला. कुणाला, ते तिला कधीच कळलं नाही.

रेंज ऑफिसच्या आवारात जप्त केलेल्या सायकली गंजत पडल्या होत्या, सागाचे ओंडके रचले होते. त्या ढिगाकडे पाहून तिला वाटलं, परत फिरावं. तेवढ्यात आतून साहेबांनीच विचारलं, "कोण पाहिजे बाई?"

तिने आत जाऊन दुपटं टेबलावर ठेवलं आणि उलगडलं.

साहेबांनी आधी शिंगाकडे पाहिलं, मग लेकराकडे, मग तिच्याकडे. "हे कुठून आणलं?"

"आमच्या घरातून. मी निकेशची घरवाली. वनरक्षक निकेश."

"त्याला माहीत आहे?"

"भिंतीवर आहे हे माहीत आहे. इथी आणलं हे माहीत नाई."

मग ती बोलू लागली आणि थांबेना. रेडिओ, फोटो, टोपी, गाडी, चहा. सासऱ्यांचं नावही तिने घेतलं. साहेबांनी वायरलेसवर कुणाला तरी सांगून निकेशला बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत, धीरही दिला नाही. "टाकलेलं असो की मारलेलं, गुन्हा नोंदवावाच लागेल," ते म्हणाले. "तुम्ही स्वतः आणून दिलं, हेही लिहू. पुढचं माझ्या हातात नाही."

निकेश आला तेव्हा त्याच्या बुटांना चिखल होता. दारात उभं राहून त्याने टेबलावरचं शिंग पाहिलं, त्याखालचं आयुषचं दुपटं पाहिलं. रिनाने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. आता काही बोलला तर बरं, न बोलला तर आपण इथेच खाली बसू, असं तिला झालं.

तेव्हाच तिच्या हातातला मोबाइल वाजला.

"तोच आहे?" साहेबांनी विचारलं.

तिने मान हलवली.

"उचला. गुरुवारपर्यंत थांबायला नको. म्हणा, शिंग काढून ठेवलंय, उद्या सकाळीच न्या."

तिला वाटलं होतं, टेबलावर शिंग ठेवलं की आपलं काम संपलं. आता त्याच माणसाला आपल्या तोंडाने घरी बोलवायचं होतं, जिथे आयुष रांगतो त्या खोलीत. तिने निकेशकडे पाहिलं. तो पुढे आला आणि तिच्या कडेवरून त्याने पोराला अलगद उचलून घेतलं. "बोल," तो इतकंच म्हणाला.

"हॅलो," रिना म्हणाली.

"काय ठरलं वहिनी?"

"शिंग काढून ठेवलं आहे. उद्या सकाळी या. हे घरी नसतात सकाळी."

"आवाज काऊन थरथरून राह्यला तुमचा? कोणी आहे का बाजूले?"

साहेब खुर्चीत पुढे झुकले.

"लेकराले ताप आहे," ती म्हणाली. "रातभर झोपला नाई तो. मी एकटीच आहो."

"अरेरे. मीठ-पाण्याच्या पट्ट्या ठेवा. येतो मी उद्या."

फोन बंद झाला. साहेब कुणाला तरी हाक मारू लागले, गाडी, माणसं, साध्या कपड्यात, असं काहीतरी. रिनाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती निकेशजवळ गेली आणि घाईघाईने आयुषच्या कपाळाला हात लावला. मग गळ्याला, मग पाठीला, झबल्याच्या आत. ताप नव्हता, अंग गार होतं. तरी तिने हात काढला नाही.